उसुरीच्या रानांतील वाघ आणि पाइन

प्राण्याची तुलना प्राण्याशीं करावी आणि झाडाची झाडाशीं, असा सर्वमान्य शिरस्ता आहे. वाघ मोठा कीं सिंह मोठा, देवदार टिकाऊ कीं सागवान टिकाऊ, असे प्रश्न लहान मुलेंही विचारतात. परंतु वाघ आणि पाइनचें झाड यांना एकाच तराजूंत घालावयाचें म्हटलें, तर ऐकणाराच्या चेहऱ्यावर सहज हंसूं उमटेल. एक मांसाहारी, सावध, रात्रीच्या रात्रीं भटकणारा; दुसरा जेथें रुजला तेथेंच शतकानुशतकें उभा. तथापि एका ठिकाणीं हीं दोन्ही नांवें एकाच मापानें मोजून लिहिलेलीं सांपडतात. तें ठिकाण म्हणजे आंतरराष्ट्रीय निसर्गसंरक्षण संघाची 'लाल यादी'. कोणती जात पृथ्वीवरून नाहींशी होण्याच्या मार्गावर आहे आणि कोणती सुखरूप आहे, याचा हिशेब हा संघ १९६४ सालापासून ठेवीत आला आहे. या यादींत वाघाच्या नांवापुढें 'संकटग्रस्त' असा शेरा आहे. आणि कोरियन पाइन या सूचिपर्णी वृक्षाच्या नांवापुढें, काळजीचें विशेष कारण नाहीं, अशा अर्थाचा.

दोन्ही शेरे आपापल्या परीनें खरे आहेत. पण हा वाघ आणि हा पाइन जेथें पिढ्यान्‌पिढ्या शेजारीं नांदत आले, त्या रानांत जाऊन पाहिलें, तर दोघांपैकीं अधिक नाजूक कोण, या प्रश्नाचें उत्तर यादींत दिसतें तितकें सरळ राहत नाहीं.

हें रान रशियाच्या अतिपूर्व टोंकास आहे. पश्चिमेस उसुरी नदी, वायव्येस अमूर, पूर्वेस जपानचा समुद्र, आणि या तिहींच्या मध्यें सुमारें १२०० किलोमीटर पसरलेली सिखोटे-आलिन नांवाची डोंगरांची रांग. डोंगर फार उंच नाहींत. सर्वांत उंच शिखर दोन हजार मीटरांच्या थोडें वर, म्हणजे कळसूबाईहून साडेचारशें मीटरांनीं काय तें अधिक. हिंवाळ्यांत पारा शून्याखालीं तीस अंशांपर्यंत उतरतो आणि नद्या गोठून रस्त्यांसारख्या होतात. उलट उन्हाळ्यांत समुद्रावरून ओले वारे येतात आणि असा पाऊस लागतो कीं, हा मुलूखही मान्सूनच्याच राज्यांतला आहे याची खात्री पटावी. या दोन हवामानांच्या संगमामुळें येथें विलक्षण सरमिसळ झाली आहे. उत्तरेकडील स्प्रूस वृक्षाच्या शेजारीं रानद्राक्षाचा वेल चढतो; तपकिरी अस्वल आणि काळें अस्वल एकाच डोंगरावर राहतें; आणि लिंक्स व सेबल हे बर्फाळ प्रदेशांतले प्राणी जेथें फिरतात, तेथेंच सामान्यतः उष्ण देशांतला समजला जाणारा वाघही फिरतो.

या रानाची ओळख जगाला करून दिली ती व्लादिमीर आर्सेन्येव्ह या रशियन लष्करी अधिकाऱ्यानें. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत त्यानें येथील पाहणीसाठीं वर्षानुवर्षें पायपीट केली. त्याचा वाटाड्या देर्सू उझाला हा नानाइ जमातीचा शिकारी होता. त्याच्या नांवाचें आर्सेन्येव्हचें पुस्तक १९२३ सालीं निघालें, आणि १९७५ सालीं जपानी दिग्दर्शक अकिरा कुरोसावा यांनीं त्यावर चित्रपट काढला. देर्सू वाघाला 'अंबा' म्हणे आणि माणसाशीं बोलावें तसा त्याच्याशीं बोले. आग, पाणी, रानडुक्कर हीं सारीं त्याच्या लेखीं एक प्रकारचीं माणसेंच होतीं. निरनिराळ्या वर्गांत मोडणाऱ्या गोष्टींचा असा एकत्र विचार करणें शास्त्रीय ग्रंथांना पुष्कळ उशिरां सुचलें.

आतां प्रथम झाडाकडे वळावें. कोरियन पाइनला रशियन लोक 'केद्र', म्हणजे देवदार, म्हणतात. पण तो देवदार नव्हे. तो खरा पाइन आहे, आणि त्याच्या सुयांचे पांच-पांचांचे झुबके ही त्याची खूण आहे. सुक्या मेव्याच्या डब्यांत अधूनमधून दिसणारा आपला चिलगोजा हें त्याच्या एका चुलतभावाचें बीज होय. तो चुलतभाऊ हिमाचलांतील किन्नौर आणि अफगाणिस्तान यांच्या डोंगरांत वाढतो. कोरियन पाइनचा विस्तार रशियाच्या या कोपऱ्यापासून ईशान्य चीन व कोरियापर्यंत असून, जपानच्या मुख्य बेटावरील डोंगरांतही तो सांपडतो. त्याची उंची तीस ते चाळीस मीटर होते, आणि चारशें वर्षांचे वृक्ष जुन्या रानांत आढळतात.

या झाडाची खरी मौज त्याच्या फळण्यांत आहे. सूचिपर्णी वृक्षांना आंब्या-फणसांसारखें फळ येत नाहीं. लांकडी खवल्यांचा एक शंकु येतो आणि त्या खवल्यांच्या आड बिया असतात. कोरियन पाइनच्या शंकूंत शंभराच्या आसपास बिया भरतात. उन्हाळ्याच्या आरंभीं परागसिंचन झालें, कीं तो शंकु त्याच वर्षीं पिकत नाहीं. सारा हिंवाळा तो बोटाच्या पेराएवढा राहतो, आणि दुसऱ्या वर्षाच्या शरदांत पिकून अखंड खालीं पडतो. बहुतेक पाइन वृक्षांच्या बियांना पातळ पंख असतात व वारा त्यांना दूर नेतो. याच्या बियांना पंख नाहींत. एकेक बी शेंगदाण्याहून फारशी लहान नाहीं, कवच दगडासारखें, आणि आंत तेलानें भरलेला गर. अशी बी वाऱ्यानें उडणार नाहीं. ती कोणीतरी उचलूनच नेली पाहिजे. हें काम नटक्रॅकर नांवाचा, कावळ्याच्या कुळांतला एक पक्षी करतो, आणि त्याच्या जोडीला खारी असतात. थंडीच्या बेगमीसाठीं ते मूठ-मूठ बिया ठिकठिकाणीं मातींत पुरून ठेवतात. पुरलेल्यांपैकीं बहुतेक त्यांना आठवतातही. ज्या थोड्या विसरतात, किंवा ज्यांचा धनी हिंवाळ्यांत मरतो, त्यांतून नवें रान उगवतें. सारें अरण्य पक्ष्यांच्या विस्मरणावर वाढलेलें आहे, असें म्हटलें तर फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं.

शिवाय हा वृक्ष दरवर्षीं सारखा फळत नाहीं. तीन-चार वर्षें जेमतेम शंकु येतात; मग एखाद्या वर्षीं डोंगरच्या डोंगर एकदम लदबदून जातो. याचें कारण शास्त्रज्ञ असें सांगतात कीं, दरवर्षीं बेतानें फळलें, तर खाणाऱ्यांची संख्या त्या बेतानें वाढून सगळें फस्त होईल. मधलीं वर्षें उपाशी ठेवून मग एकदम दिलें, म्हणजे खाणारे खाऊन थकतात आणि कांहीं बिया उरतात. देणारा इतका हिशेबी असतो, हें प्रथम ऐकणाराला थोडें विचित्र वाटतें.

वाघाचा हिशेब याहून अगदीं निराळा. अमूरचा वाघ हा आपल्याकडील वाघाचाच भाऊबंद आहे. केस अधिक दाट, रंग किंचित फिका, एवढाच वरवरचा फरक. जगांतील सर्वांत मोठा वाघ अशी त्याची ख्याति असून, जुन्या शिकाऱ्यांच्या पुस्तकांतून तीनशें किलोंचे वाघ वाचावयास मिळतात. प्रत्यक्ष काट्यावर वजनें घेण्यास सुरुवात झाल्यापासून मात्र ते वाघ दिसेनासे झाले आहेत. अलीकडे रानांत पकडून मोजलेल्या नरांचें सरासरी वजन पावणेदोनशें किलोंच्या आसपास भरलें. आपल्याकडील नर याहून कमी भरत नाहीं.

त्याचें खरें वेगळेपण लागणाऱ्या जागेंत आहे. नेपाळांतील चितवन किंवा कर्नाटकांतील नागरहोळे येथें एका वाघिणीचा संसार सुमारें वीस चौरस किलोमीटरांत चालतो. सिखोटे-आलिनमध्यें एका वाघिणीला जवळजवळ चारशें चौरस किलोमीटर लागतात, आणि नराला त्याच्या तिप्पट. ही हौस नव्हे, गणित आहे. वाघाला साधारणतः आठवड्याला एक मोठें जनावर मारावें लागतें. वर्षाला पन्नास धरावींत. जनावरांची संख्या कायम ठेवून त्यांतून दरवर्षीं फार तर दहावा हिस्सा उचलतां येतो. तेव्हां एका वाघामागें पांचशें रानडुकरें व हरणें हवींत. त्या थंड रानांत तीं अतिशय विरळ असतात. चौरस किलोमीटरामागें एखाद-दुसरें एवढाच हिशेब. म्हणून चारशें चौरस किलोमीटर.

पिल्लांच्या बाबतींतही तीच काटकसर. वाघीण साडेतीन महिने गर्भ वाहते, एका वेतांत दोन ते चार पिल्लें देते, आणि दीड ते पावणेदोन वर्षें त्यांना संभाळते. तोंपर्यंत दुसरें वेत नाहीं. त्यांतलीं निम्म्याच्या जवळपास पहिल्याच वर्षीं दगावतात. रानांतल्या वाघाचें आयुष्य दहा ते पंधरा वर्षांचें. याचा अर्थ असा कीं, एक वाघीण साऱ्या जन्मांत दहा-बारा पिल्लांना जन्म देत असेल, तर तिच्या व तिच्या जोडीदाराच्या जागीं दोघें उभीं राहिलीं तरी पुरे. पाइनचा आंकडा मांडून पाहावा. चार वर्षांनीं एकदां पन्नास शंकु आणि दर शंकूंत शंभर बिया धरल्या, तर दोनशें वर्षांच्या फळण्यांत अडीच लाख बिया होतात. आणि रान जर तितकेंच राहावयाचें असेल, तर त्या अडीच लाखांतून एकच झाड मोठें व्हावयाचें असतें. एकाची आई पिल्लाजवळ बसून राहते. दुसऱ्याची आई शिदोरी बांधून देते आणि पुन्हां पाहत नाहीं. दोघांच्या जमाखर्चाची बाकी मात्र सारखीच, एकास एक.

दोन्ही बाजूंच्या वारशाचें मोजमापही एकाच वर्षीं जाहीर झालें, हा एक योगायोग. २०१३ सालीं अमूरच्या वाघाचा संपूर्ण जनुकसंच वाचला गेला. त्याच वर्षीं पाइनच्याच कुळांतील नॉर्वे स्प्रूस या वृक्षाचा. वाघाच्या पेशींतील लिपि सुमारें अडीचशें कोटि अक्षरांची भरली. स्प्रूसची भरली दोन हजार कोटींची. मनुष्याच्या सहासात पट! पण अक्षरें अधिक म्हणून मजकूर अधिक, असें मात्र नाहीं. स्प्रूसच्या कामाच्या जनुकांची संख्या वाघाच्याहून थोडीच जास्त. बाकीचा सारा पसारा पुन्हां पुन्हां उमटलेल्या त्याच त्याच ओळींचा. जुन्या वाड्यांत माळ्यावर साठलेल्या सामानासारखें तें साठत गेलें आहे; काढून टाकण्याची घाई या कुळाला कधीं झालेली दिसत नाहीं.

येथवर तुलना झाली ती दोन परक्यांची. परंतु सिखोटे-आलिनच्या रानांत वाघ आणि पाइन परके नाहींत, आणि त्यांच्यांतला दुवा आहे रानडुक्कर.

ज्या शरदांत पाइन फळतो, त्या शरदांत शंकूंचा खच जमिनीवर पडतो. रानडुकरें खवले फोडून, कवचासकट बिया दाढांखालीं भरडून खातात आणि कांहीं आठवड्यांत अंगावर चरबीचा थर चढवितात. पुढें बर्फ पडतें. डुकराचे पाय आंखूड. चाळीस-पन्नास सेंटिमीटर बर्फ सांचलें कीं त्याचें पोट घांसूं लागतें आणि चालणें मुष्कील होतें. दाट सदापर्णी पाइनखालीं मात्र बर्फाचा थर कमी असतो, कारण पुष्कळसें बर्फ फांद्यांवरच अडतें. तेथें नाकानें उकरून पडलेल्या बिया शोधतां येतात. ज्या वर्षीं बिया नसतात, त्या वर्षीं ओकच्या फळांवर कांहीं निभाव लागतो. तींही नसलीं, तर वसंतापर्यंत अशक्त डुकरें पटापट मरतात आणि मादीला पिल्लें कमी होतात. काळें अस्वल, तपकिरी अस्वल, खारी, खारींवर जगणारें सेबल, अशा कितीतरी प्राण्यांच्या हिंवाळ्याचा निकाल याच झाडाच्या शेंड्यावर लागतो. वाघ बी खात नाहीं. पण तो ज्यांना खातो त्यांपैकीं डुक्कर हें एक मुख्य जनावर असून, तें या बियांवरच पोसलेलें असतें. पाइनच्या शंकूंत सांठविलेलें ऊन दोन पायऱ्या चढून वाघाच्या अंगांत येतें.

हें ध्यानांत आलें म्हणजे दोघांच्या गेल्या शंभर वर्षांच्या इतिहासाकडे निराळ्या नजरेनें पाहतां येतें.

वाघाचा इतिहास वेगानें खालीं गेला आणि वेगानें वर आला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वसाहती, लोहमार्ग आणि बंदुका या मुलखांत आल्या, आणि वाघ मारणें हा पराक्रमही झाला व धंदाही. प्राणिसंग्रहालयांसाठीं पिल्लें जिवंत पकडण्याचा व्यापार निराळाच. १९३५ सालीं सिखोटे-आलिनमध्यें राखीव रान स्थापन झालें तें मुख्यतः सेबल या मौल्यवान केसाळ प्राण्याच्या रक्षणासाठीं. वाघाचा लाभ आनुषंगिक. याच रानांत लेव्ह काप्लानोव्ह नांवाचा तरुण प्राणिशास्त्रज्ञ हिंवाळ्यांत वाघांच्या पावलांचा माग काढीत फिरला, आणि इ. स. १९४० च्या सुमारास त्यानें अंदाज दिला कीं, साऱ्या रशियन अतिपूर्वेंत वीस ते तीसच वाघ उरले आहेत. १९४३ सालच्या मे महिन्यांत चोरट्या शिकाऱ्यांनीं त्याला गोळी घालून ठार केलें. तेव्हां तो दक्षिणेकडील दुसऱ्या एका राखीव रानाचा प्रमुख होता. त्याचें पुस्तक १९४८ सालीं, त्याच्या मृत्यूनंतर पांच वर्षांनीं प्रसिद्ध झालें. तत्पूर्वीं, १९४७ सालीं, तेथें वाघाची शिकार कायद्यानें बंद झाली होती.

त्यानंतर जें घडलें तें उत्साह देणारें आहे. १९९६ सालच्या हिंवाळी मोजणींत पिल्लांसकट ४१५ ते ४७६ वाघ भरले. २००५ सालीं ४२८ ते ५०२. २०१५ सालीं ५२३ ते ५४०. मध्यंतरीं, १९९१ नंतर सोव्हिएट राज्य मोडल्यावर चोरट्या शिकारीचा एक भयंकर काळ येऊन गेला, त्यांत डझनांनीं वाघ मारले गेले आणि त्यांचीं हाडें सीमेपार विकलीं गेलीं. तरीही संख्या पुन्हां सांवरली. वीस-तीस वाघांचे पांचशें होण्यास साठ-सत्तर वर्षें लागलीं. एवढ्या थोड्या पूर्वजांपासून वाढल्यामुळें त्यांच्यांत आनुवंशिक विविधता कमी आहे, हें खरें. कुत्र्यांना होणारा डिस्टेंपर नांवाचा रोग २००३ सालीं प्रथम एका वाघिणींत आढळला आणि २०१० सालीं त्यानें आणखी वाघ दगावले, तेव्हां ही भीति अधिकच वाटूं लागली. परंतु गोळी थांबली, भक्ष्य आणि जागा मिळाली, तर वाघ वाढतो. ज्याला यादी संकटग्रस्त म्हणते, त्यानें आपल्या अंगची उभारी सिद्ध करून दाखविली आहे.

झाडाची कथा याच्या उलट आहे, आणि तिच्याकडे लक्ष कमी गेलें, कारण तोडलेल्या झाडाचें छायाचित्र मारलेल्या वाघाच्या छायाचित्रासारखें मनाला चटका लावीत नाहीं. कोरियन पाइनचें लांकूड हलकें, सरळ धाग्याचें, कापण्यास सोपें. विसाव्या शतकभर तें आगगाड्यांवर चढून व नद्यांतून तरंगत गेलें. सीमेपलीकडे चीनमध्यें जुन्या पाइनचीं रानें याच शतकांत बहुतांशीं संपलीं. १९५१ सालीं सोव्हिएट सरकारनें देशभरच्या राखीव रानांवर कुऱ्हाड चालविली, तींत सिखोटे-आलिनचें अठरा लाख हेक्टरांचें राखीव रान सुमारें एक लाखावर आलें. पुढें तें पुन्हां वाढवून चार लाखांच्या आसपास नेण्यांत आलें. २००१ सालीं मध्य सिखोटे-आलिनचा जागतिक वारशांत समावेश झाला. पाइनच्या लांकडाचा आंतरराष्ट्रीय व्यापार मात्र २०१० सालच्या ऑक्टोबरांत, रशियानें स्वतःहून मागणी केल्यावर, नियंत्रणाखालीं आला. पुढच्याच महिन्यांत सेंट पीटर्सबर्ग येथें वाघ असलेल्या तेरा देशांची परिषद भरली, आणि भारतही तींत होता. वाघाच्या संरक्षणाचीं भाषणें आणि पाइनच्या संरक्षणाचा कागद हीं एका महिन्याच्या अंतरानें आलीं. यांतला संबंध किती वृत्तपत्रांनीं वाचकांना सांगितला असेल, याची शंकाच आहे.

कागद झाला तरी कुऱ्हाड एकदम थांबत नाहीं. रोगट व वठलेलीं झाडें काढण्याची परवानगी कायदा देतो, आणि त्या परवानगीच्या आडून निरोगी झाडेंही पडतात. पाइन अवघड झाला तसा तोडणाऱ्यांचा मोर्चा मंगोलियन ओक आणि मांचुरियन ॲश यांच्याकडे वळला; म्हणून २०१४ सालीं त्यांचीं नांवेंही त्याच व्यापारी नियंत्रणाखालीं घालावीं लागलीं. बिया गोळा करणें हा तर तेथल्या गांवकऱ्यांचा वैध आणि जुना धंदा. चांगल्या सालीं माणसें पोतीं घेऊन रानांत शिरतात, आणि डुकरानें खावयाचें तें बाजारांत जातें. गरीब खेड्यांतल्या लोकांना यासाठीं दोष देणें सोपें असलें, तरी न्यायाचें नाहीं. वर्षाच्या रोख उत्पन्नांतला मोठा वांटा तेंच असतें.

आतां 'काळजीचें कारण नाहीं' या शेऱ्याचा अर्थ पाहावा. यादी विचारते तें एवढेंच कीं, ही जात नष्ट होण्याचा संभव आहे काय? कोरियन पाइनच्या बाबतींत तसा संभव नाहीं. त्याचीं झाडें असंख्य आहेत, चीनमध्यें व कोरियांत त्याच्या लागवडी आहेत, आणि बागांतून तो शोभेसाठींही लावतात. परंतु डुकराला व वाघाला 'जाती'चा उपयोग नाहीं. त्यांना हवें तें फळणारें झाड. आणि दाट रानाच्या सावलींत वाढणारा कोरियन पाइन ऐंशीं ते शंभर वर्षांचा होईपर्यंत सहसा फळावर येत नाहीं. मोकळ्यावर, भरपूर उन्हांत तो लवकर फळतो, पण रान मोकळ्यावर नसतें. १९४७ सालीं, वाघाची शिकार बंद झाली त्या वर्षीं, नटक्रॅकरनें विसरलेली एखादी बी रुजली असेल असें समजावें. तेव्हांपासून वाघांच्या कित्येक पिढ्या झाल्या आणि ते पंधरा-वीसपट झाले. तें रोप आतां चांगला उंच वृक्ष असेल. पण त्याला पहिला शंकु येण्यास अजून कांहीं वर्षें बाकी असण्याचाच संभव अधिक. चारशें वर्षांचा एक पाइन पडला, तर त्याच्या जागीं तितकेंच देणारें झाड उभें राहण्याचा काळ कोणत्याही सरकारच्या, कोणत्याही योजनेच्या मुदतींत बसत नाहीं. संख्येनें वाघ दुर्मिळ. पण काळाच्या मापानें मोजलें, तर भरून न निघणारी हानि झाडाची आहे.

या दुव्याची कसोटी नुकतीच एका अनपेक्षित बाजूनें लागली. २०१८ सालीं चीनमध्यें आणि २०१९ सालीं रशियाच्या अतिपूर्वेंत डुकरांचा आफ्रिकन ज्वर पोंचला. हा रोग माणसाला होत नाहीं, वाघालाही नाहीं; पण डुकरांत तो शिरला कीं कळपच्या कळप संपवितो. पुढच्या हिंवाळ्यांत कित्येक खोऱ्यांतून रानडुकरें जवळजवळ नाहींशीं झालीं. मग वाघ खेड्यांच्या कडेला दिसूं लागले, आणि अंगणांत बांधलेलीं कुत्रीं रात्रींतून नाहींशीं होऊं लागलीं. वाघांची संख्या वाढली म्हणून ते गांवांत येतात, असें कांहीं जणांनीं म्हटलें. त्यांतही थोडें तथ्य असूं शकेल. परंतु भुकेल्या वाघाला अंगणापर्यंत आणणारी वाट रिकाम्या झालेल्या रानांतूनच निघते.

रानडुक्कर ही भराभर वाढणारी जात आहे. एका वेतांत पांच-सहा पिल्लें होतात, आणि चांगलें खाद्य मिळालें तर कळप थोड्या वर्षांत पुन्हां उभे राहतात. ते उभे राहतील कीं नाहीं, हें रोगाइतकेंच पाइनच्या पुढच्या बहरावर अवलंबून आहे. या बहराचा अंदाज करण्याची सोय झाडानेंच ठेविली आहे. शंकु पिकण्यास दुसरें वर्ष लागत असल्यामुळें, यंदाच्या शरदांत शेंड्याकडील फांद्यांवर पुढील वर्षाचे बारीक शंकु आधींच धरलेले दिसतात. ते किती आहेत, हें खालून दुर्बिणीनें मोजतां येतें. आणि मोजणाऱ्याला वर्षभर आधीं कळतें कीं, पुढच्या हिंवाळ्यांत वाघ डोंगरांत राहतील कीं खेड्यांकडे उतरतील.